डँडेलियनचं मूळ आणि भोईरमामांची कावीळ

मागच्या महिन्यात आमच्या टिटवाळ्याच्या सोसायटीतल्या सावंतवहिनी सकाळी सकाळी दारात उभ्या. हातात पिशवी, पिशवीत ओला पाला, मुळांना माती तशीच.

"ताई, तुम्ही लिव्हरच्या औषधांच्या कंपनीत होतात ना? हे बघा, डँडेलियन. मागच्या प्लॉटवर नुसतं माजलंय. यांचं फॅटी लिव्हर निघालंय. व्हिडिओत सांगतात, रोज सकाळी रिकाम्या पोटी."

डॉक्टरांनी परत रक्त तपासायला सांगितलंय, एवढं मी आधी विचारून घेतलं आणि चष्मा लावला. पान चुरडून बघितलं, देठ मोडला.

"वहिनी, ही एकदांडी. लहानपणी गुडघा फुटला की हिचाच पाला चोळायचो आपण."

"पण फूल पिवळं आहे. म्हाताऱ्याही उडतात, अगदी व्हिडिओतल्यासारख्या."

"देठ मोडलाय, बघा. दूध आलं?"

"नाही."

"डँडेलियनचं काहीही मोडा, पांढरं दूध येतं. पानाला अशी लव नसते. आणि ते थंडीतलं झाड आहे, आपल्याकडच्या उकाड्यात टिकायचं नाही. त्यापेक्षा भाऊंना रोज संध्याकाळी चालायला पाठवा."

"ते चालले असते तर मी पाला कशाला तोडत बसले असते," असं म्हणून वहिनी पिशवी घेऊन गेल्या. पाला त्यांनी टाकला की वाटला, मी विचारलेलं नाही.

एकतीस वर्षं मी वागळे इस्टेटमधल्या एका वनौषधींच्या कारखान्यात कच्चा माल तपासला. लिव्हरचं सिरप, लिव्हरच्या गोळ्या, लिव्हरचे थेंब. आमच्याकडे जो माल यायचा तो पोत्यांतून यायचा: मुळं, साली, पानं, बिया. पोत्यावर नाव लिहिलेलं असायचं. आत तेच आहे की नाही, हे सांगायचं ते माझं काम. मी सही केली तर माल आत, नाही केली तर ट्रक परत. बाहेरच्यांना हे काम सोपं वाटतं. भुईआवळ्याच्या नावाखाली त्याचाच चुलतभाऊ वाळवून पाठवतात, कुटकीत दुसऱ्याच कांड्या घालतात, आणि एकदा वाळून तपकिरी झालं की सगळं सारखंच दिसतं. माणसं गर्दीत ओळखणं सोपं, त्यांना निदान चेहरा असतो.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कोपरीत एका खोलीत आम्ही सहा जण. वडील वॉचमन, आई बिस्किटांच्या कंपनीत पॅकिंगला. मी बॉटनी घेतली तेव्हा वडिलांनी विचारलं, "ह्यात काय शिकवतात?"

"झाडं ओळखायला."

"ती तुझ्या आजीलाही येतात. तिला कोणी पगार दिला नाही."

मला दिला. पहिल्या पगाराच्या दिवशी वडिलांनी माझं कंपनीचं ओळखपत्र हातात घेऊन दोन्ही बाजूंनी वाचलं होतं. हे सांगताना मला आजही छाती फुगल्यासारखी वाटते आणि ती लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

पण झाडं ओळखायला खरं शिकले ते भोईरमामांकडून. आमचे स्टोअरकीपर. कल्याणच्या खाडीकडच्या गावचे आगरी, शिक्षण चौथी, डोक्याला कायम टॉवेल. पोतं उतरलं की मामा दाभण घालून वरून, मधून आणि तळातून एकेक तुकडा काढायचे आणि चावायचे. आमच्या नियमपुस्तकात चव घ्यायला लिहिलेलं आहे, फक्त तिथे ती जिभेच्या टोकाला लावून थुंकायची असते. मामा चावून चावून चव घोळवायचे, मग खिडकीबाहेर थुंकून निकाल सांगायचे. मी प्रयोगशाळेत काप घेऊन, रंग लावून, सूक्ष्मदर्शकाखाली बघून दोन तासांनी निकाल द्यायचे. बहुतेक वेळा दोन्ही निकाल एकच.

डँडेलियन आमच्याकडे उशिरा आलं. कंपनीला परदेशी गिऱ्हाईक मिळालं, त्यांना लिव्हरच्या गोळीत डँडेलियनचं मूळ हवं होतं. माल काश्मीरकडून येऊ लागला. तिकडचा व्यापारी फोनवर म्हणाला होता, "मॅडम, हमारे यहाँ इसकी सब्जी बनती है, आप गोली बना रहे हो." मामांना ते नाव काही जमलं नाही. ते शेवटपर्यंत दांडेली म्हणत राहिले, जणू माल कर्नाटकातून येतोय.

डँडेलियनच्या मुळात कासनीचं, म्हणजे कॉफीतल्या चिकोरीचं, मूळ मिसळतात. कासनी स्वस्त, दिसायला सख्खी बहीण, कडूही तितकीच. फरक कळतो तो मूळ आडवं कापलं की. दोन्हींत दूध वाहणाऱ्या बारीक नळ्या असतात. डँडेलियनमध्ये त्यांची गोल गोल वलयं दिसतात, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. कासनीत त्या मध्यापासून बाहेर जातात, सायकलच्या तारांसारख्या. एवढंच. पण हे एवढंच बघायला कोणीतरी बसावं लागतं.

एका ट्रकात बारा पोती आली. मामांनी पहिलं चावलं, मान हलवली. पाचवं चावलं आणि थांबले.

"मॅडम, यो माल आपला नाय."

"कशावरून?"

"कडू हाय. पन कडू उशिरा येतो."

परचेसचे राणे तिथेच उभे होते. माल परदेशी न्यायचं जहाज ठरलेलं होतं. "मामा, तुमची जीभ काय लॅबोरेटरी आहे का? मॅडम, कासनी पण लिव्हरलाच देतात ना? मग काय बिघडलं?"

"काही नाही बिघडलं," मी म्हटलं. "फक्त डबीवर कासनी छापून घ्या."

त्या दिवशी सात पोती परत गेली. राणे मला महिनाभर 'सायकलच्या तारा' म्हणत होते. मी आणि मामा मात्र इस्टेटमधल्या टपरीवर चहा प्यायलो आणि मामांनी पैसे मला देऊ दिले नाहीत. त्या काळात मला असं वाटायला लागलं होतं की मुळातलं मला सगळं कळतं. मुळातलं कळत होतंच. गोष्ट पुढे बिघडली ती वेगळ्याच ठिकाणी.

पावसाळा संपत आला होता. एका सकाळी वजनकाट्याजवळ मामा पोत्याचा आकडा वाचत होते. खिडकीतून उजेड थेट तोंडावर. मला त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसला. पांढरा नव्हता.

"मामा, डोळे बघू."

"काय नाय, मॅडम. जागरन झालंय."

"जागरणानं लाल होतात. तुमचे पिवळे आहेत."

मग त्यांनी टॉवेल काढला. टॉवेलाखाली डोक्यावर, मुंडावळ्यांसारखी, बारीक काड्यांची माळ होती. आमच्याकडच्या गावांतून काविळीला अशी माळ घालतात. एका वनस्पतीच्या ओल्या कांड्या दोऱ्यात गाठी मारून बांधायच्या आणि डोक्यावर ठेवायच्या. माळ दिवसागणिक वाढत जाते, डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर. माळ उतरली की कावीळ उतरली.

"चार दिवस झालं," मामा म्हणाले. "तुमी हसाल म्हनून टॉवेल."

मी हसले नाही, पण शिकवायला बसले. ओल्या कांड्या वाळतात, वाळल्या की आक्रसतात, गाठी सैल पडतात, दोरा मोकळा होतो. मग माळ लांब होणारच. ती तुमच्या डोक्यावर न ठेवता खिळ्याला टांगली तरी लांब होईल. मला चांगलं समजावता येतं, असं सगळे म्हणतात.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तं मग काय घेऊ?"

मला वाटतं, इतक्या वर्षांत कोणी मला इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. कोपरीतल्या मुलीला, बॉटनीच्या पदवीधराला, तिच्या गुरूनं विचारलं होतं.

त्यांनी खिशातून दोन कागद काढले. गावाजवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं. काविळीचा आकडा वाढलेला. दुसऱ्या कागदावर पोटाची सोनोग्राफी करून घ्या असं लिहिलेलं. "ही करू का? दिवस मोडतो. आनी पोटात काय बघायचं, काविल तं डोल्यात हाय."

त्या महिन्यात खाडीकडच्या गावांत दूषित पाण्याची कावीळ पसरली होती. आमच्याच कारखान्यात दोघे रजेवर होते. मी रिपोर्ट वाचला, आकडा बघितला, मनात हिशेब जुळला. मी म्हटलं, "ही पाण्याची कावीळ दिसते. सोनोग्राफी नंतर बघू. आधी पंधरा दिवस मी देते ते घ्या. तेल-तूप बंद, आराम करायचा."

आणि मी त्यांना डँडेलियनचं मूळ दिलं. तपासणी करून उरलेले तुकडे असतात, नियमानं नष्ट करायचे. मी त्यातले वेगळे काढून पुडी बांधली. पास झालेल्या लॉटचे. वलयं मी स्वतः बघितली होती. एक चमचा, दोन कप पाणी, एक कप होईपर्यंत उकळायचं, सकाळ-संध्याकाळ.

"दांडेली ना?" मामांनी पुडी हुंगली. "चांगला माल हाय. मीच उतरवलाय."

मामा रजेवर गेले. सोबत माळही गेली, ती त्यांनी काढली नाही. मामींना दोन्हीवर विश्वास होता. आठवड्यानं मामींचा फोन आला.

"मॅडम, औषध घेतात बरं का दोन टाइम. काड्यांची माल छातीपावेतो आली."

"छान. भूक?"

"भूक नाय अजून. आनी अंगाला खाज लय सुटलीय, रातभर खाजवतात. परसाकडंपन पांढरं होतं, मातीसारखं. तुमच्या औषधानं साफ होत असंल ना?"

मी काय म्हटलं ते मला शब्दशः आठवतं, कारण नंतर ते मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलं आहे. मी म्हटलं, "होईल हळूहळू. चालू ठेवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी परदेशी जाणाऱ्या डँडेलियनच्या गोळीच्या माहितीपत्रकाचं प्रूफ आलं. आमच्याकडे नियम असा की छापायला जाण्याआधी ते दोघांनी मिळून वाचायचं. एकीनं मंजूर मजकूर मोठ्यानं वाचायचा, अगदी स्वल्पविरामसुद्धा तोंडानं म्हणायचा. दुसरीनं छापील प्रूफवर शब्दाशब्दाखाली पेन्सिलीनं टिंब द्यायचं. वर्षानुवर्षं हे करून माणसाचं असं होतं की तोंड वाचत असतं आणि डोक्यात रात्रीची भाजी चाललेली असते. हे माहितीपत्रक तर मी याआधीही अनेकदा वाचलं होतं. शिल्पा नावाची पॅकिंग विभागातली मुलगी समोर पेन्सिल घेऊन बसलेली.

मी वाचत होते. मात्रा. कशी घ्यावी. कोणी घेऊ नये, पूर्णविराम. सगळं इंग्रजीतच, पुढची ओळ मराठीत सांगायची तर अशी: पित्तनलिकेत अडथळा असल्यास हे औषध घेऊ नये.

"पुढे?" शिल्पा म्हणाली.

मी तीच ओळ मनात पुन्हा वाचली.

"मॅडम, पूर्णविराम आला का?"

पित्त यकृतात तयार होतं आणि एका नळीतून आतड्यात उतरतं. शौचाला जो रंग असतो तो त्या पित्ताचा. नळीत खडा अडकला की पित्त खाली उतरत नाही, शौचाला मातीसारखं पांढरं होतं. पित्त रक्तात मागे फिरतं, डोळे पिवळे होतात, अंगभर खाज सुटते. आणि डँडेलियनसारखी कडू मुळं काय करतात? पित्त वाहतं करतात. म्हणून तर ती लिव्हरला देतात. मामींनी मला फोनवर एकेक लक्षण सांगितलं होतं, जवळजवळ पुस्तकातल्या क्रमानं. खाली नळ बंद असताना मी वरून पंप चालू ठेवायला सांगितलं होतं.

मी उठले. शिल्पाला म्हटलं, "प्रूफ उद्या. मला जायला हवं." बॅगसुद्धा टेबलावरच राहिली, ती शिल्पा धावत गेटपर्यंत घेऊन आली.

कल्याणहून रिक्षा केली. मामा ओटीवर चटईवर पडले होते. उजेडात सगळं अंग हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखं. हातांवर नखांचे ओरखडे. गोधडी पांघरलेली, कारण थंडी वाजत होती. बाहेर चांगला उकाडा होता. थंडी वाजते म्हणजे ताप येतोय, आणि ताप येतोय म्हणजे आत पिकायला लागलंय, एवढं मला कळत होतं.

"मामा, उठा. हॉस्पिटलमध्ये जायचं."

"कशाला? तुमचं औषध चालू हाय ना."

"माझं औषध बंद करा. आत्तापासून."

मामी चुलीजवळून आल्या. हातात काढ्याचं भांडं. "अवो, आताच उकललाय. येवढा घेऊ द्या."

मी ते भांडं त्यांच्या हातातून घेतलं आणि अंगणात ओतलं. मामींना ते अजिबात आवडलं नाही. आयुष्यात मी कोणाच्या घरी जाऊन असं काही केलेलं नव्हतं.

मामा माझ्याकडे बघत होते. "मॅडम, माल तं पास होता. तुमीच केलेला."

"मूळ पास होतं, मामा. मी मूळ तपासलं. तुम्हाला तपासलंच नाही."

त्यांनी यावर थोडा विचार केला. मग म्हणाले, "काड्यांची माल बी छातीच्या खाली आलीय. उतरंल."

"मामा, माळ खिळ्यालाही उतरते. आणि माझा काढाही तुमच्या माळेच्याच जातीचा निघाला. तिला दोरा आहे, मला डिग्री आहे, एवढाच फरक. उठा आता. तुम्ही नाही उठलात तर मी इथेच बसते."

"रिक्षाला कोन देनार?"

"मी."

"तं चला," ते म्हणाले. मामा बाकी कशालाही नमले नसते.

कल्याणच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. पित्ताच्या नळीत खडा, नळी फुगलेली, जंतुसंसर्ग सुरू. डॉक्टर तरुण होते आणि दमलेले होते. त्यांनी गावाकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी बघितली, तारीख बघितली.

"सोनोग्राफी नऊ दिवसांपूर्वी सांगितलीय. थांबलात कशासाठी? अजून दोन दिवस गेले असते तर मला सांगता आलं नसतं काय झालं असतं. कोणी सांगितलं थांबायला?"

मामा स्ट्रेचरवर होते. दात वाजत होते. म्हणाले, "मीच म्हनलं. दिवस मोडतो."

मी त्यांच्या डोक्याशी उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी खाली ठेवली, प्रश्न तिथेच संपला असता.

"मी सांगितलं," मी म्हटलं. "आणि डँडेलियनचा काढा दिला, आठ दिवस, दोन वेळा. लिहून घ्या."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. बॉटनीची पदवीधर आहे."

त्यांनी लिहून घेतलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तोंडातून नळी घालून त्यांनी खडा काढला. शिरेतून औषधं दिली. पहिल्या दोन दिवसांत ताप हटला नव्हता तेव्हा मी आणि मामी बाहेरच्या बाकावर शेजारी शेजारी बसून होतो आणि मामी माझ्याशी बोलत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मामींनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. पुढे पित्ताची पिशवीही काढून टाकली. मामा अडीच महिन्यांनी कामावर आले, टॉवेलासकट, आणि पहिल्याच पोत्याला दाभण लावला.

आमच्या कारखान्यात चूक झाली की ती ठरलेल्या फॉर्मवर लिहून ठेवावी लागते: काय झालं, का झालं, परत होऊ नये म्हणून काय करणार. मी तो फॉर्म भरला. नमुन्याचे तुकडे बाहेर नेले, हेही लिहिलं. राणे म्हणाले, "मॅडम, कोणाला कळलंही नसतं." मला मेमो मिळाला. तो मी फाईलला ठेवला आहे, पगारवाढीच्या पत्रांच्या मध्येच. शेवटच्या रकान्यात मी लिहिलं होतं: यापुढे कोणीही, कोणत्याही मुळाविषयी विचारल्यास, आधी 'डॉक्टरांनी काय तपासायला सांगितलं आहे' हे विचारीन. ते मी आजपर्यंत पाळलं आहे. सावंतवहिनींच्या यजमानांनाही मी परत रक्त तपासून घ्यायला सांगितलं, तेवढं त्यांनी केलं.

डँडेलियनबद्दल माझं वाईट मत नाही. चांगली वनस्पती आहे. कडू आहे, भूक लावते, लघवी साफ करते, काश्मीरची माणसं भाजी करून खातात आणि धडधाकट असतात. लिव्हरला ती बरं करते का, याची उंदरांवरची उत्तरं बरी आहेत, माणसांवरची अजून थोडी आणि कच्ची आहेत. एवढं स्पष्ट सांगितलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. त्याला हो किंवा नाही हवं असतं. मी एकतीस वर्षं पोत्यांना हो किंवा नाही म्हटलं आहे. पोट म्हणजे पोतं नाही.

मामा कामावर आल्यावर त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. तांदळाची भाकरी, चिंबोऱ्यांचा रस्सा, मामांना मात्र वरणभात. घर माणसांनी भरलेलं. आणि मामी सगळ्यांना गोष्ट सांगत होत्या. माळ कशी उतरत आली, मग मॅडमनी औषध कसं दिलं, त्या औषधानं आतलं सगळं कसं मोकळं झालं, मग मोठ्या डॉक्टरनं फक्त खडा उचलून घेतला. माझ्या काढ्यानं खडा सुटला होता म्हणे.

मामांची मावसबहीण भानुबाई लेकीला घेऊन आली होती. लेक कॉलेजला जाणारी, डोळे पिवळे. भानुबाई माझ्यासमोर येऊन बसली.

"मॅडम, हिलापन ती दांडेली द्या."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला ठाऊक होतं की मी पुडी बांधून दिली तर ही पोर बहुधा बरी होईल, कारण पाण्याची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते. आणि या गावात माझं नाव काढतील. माझ्या वडिलांना आवडलं असतं असं नाव.

"भानुताई, माझ्या औषधानं मामा बरे झाले नाहीत," मी म्हटलं. "माझ्या औषधानं उशीर झाला. डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली होती, मी थांबवली. मामा गेले असते, माझ्यामुळे."

"असं कशाला बोलता," मामी म्हणाल्या. "एवढ्या शिकलेल्या, आनी स्वतःला नावं ठेवता."

कोणीतरी म्हणालं, मोठी माणसं अशीच नम्र असतात. भानुबाई हसून हात पुढे करून बसलेलीच. मी मामांकडे बघितलं. ते वरणभात कालवत होते. मान वर न करता म्हणाले, "मॅडम बोलतात तसंच झालंय. नऊ दिस गेले. मना माहीत होतं, मी बोललू नाय."

मामींनी पदर तोंडाला लावला. भानुबाईनं हात मागे घेतला. मग रागानंच म्हणाली, "तं मग तुमी देता तरी काय?"

"मी काही देत नाही. हिला कधीपासून आहे? खाज सुटते? शौचाला रंग कसा होतो?" पोर लाजली. "बरं, मला कानात सांग. आणि भानुताई, रिक्षा मिळते का बघा. मी सोबत येते."

आम्ही तिघी गेलो. रक्त, सोनोग्राफी, दोन्ही केलं. नळी मोकळी होती. पाण्याचीच कावीळ. डॉक्टरांनी विश्रांती, उकळलेलं पाणी आणि आठवड्यानं परत तपासणी सांगितली. महिन्याभरात पोर कॉलेजला जायला लागली.

त्यानंतर एके दिवशी भानुबाई कारखान्याच्या गेटवर आली, पिशवीत वालाच्या शेंगा घेऊन. "तुमच्या पायगुनानं बरी झाली," म्हणाली. मी पुन्हा सगळं सांगितलं: पाणी, विश्रांती, शरीर आपलं आपण सावरतं, माझा यात काही हात नाही. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते समदं खरं. पन शनवारी माझ्या नंदेला दाखवायचंय, तिच्या पोटात दुखतं. डॉक्टर काय बोलतो ते आमाला समजत नाय. तुमी मोकल्या हाव ना?"

शनिवारी आमच्याकडे माल उतरायचा. मी मामांना सांगितलं, पोती सोमवारपर्यंत बाजूला ठेवा, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली.